समाप्तिखुणेच्या पुढे

नवं फीतयंत्र चंद्रावर येऊन पुरता आठवडाही झाला नव्हता आणि त्याचे नखरे सुरू झाले होते. पृथ्वीहून आलेल्या सगळ्या चुंबकफिती ते बिनतक्रार वाचत होतं. फक्त रेवाच्या ताज्या निरोपाची फीत लावली की पडद्यावर तांबडी ओळ उमटायची, ‘फीत वाचता येत नाही.’ शाल्मली दाभाडे फीतशाळेतल्या स्टुलावर बसून त्या ओळीकडे रागाने बघत होती. रेवा तिची एकुलती एक मुलगी. तिच्या आवाजाला कुणी दारात अडवावं, हे शाल्मलीला खपण्यासारखं नव्हतं, मग अडवणारं यंत्र का असेना.

मौनतळ हे नाव त्या जागेला कुणी हौसेनं दिलेलं नव्हतं. चंद्राची जी बाजू पृथ्वीला कधीच दिसत नाही, तिथं हा तळ होता आणि तिथली प्रचंड रेडिओ दुर्बीण तारे जन्माला येण्याच्या आधीची विश्वाची कुजबुज टिपत होती. ती कुजबुज इतकी क्षीण, की खिशातल्या साध्या फोननंही दुर्बिणीचे कान फुटले असते. म्हणून तळावर बिनतारी काहीही चालत नसे. चंद्राला वळसा घालून केबल टाकायची, तर त्याला सरकारांकडे ना निधी होता ना इच्छा. जे काही यायचं-जायचं ते फितींवर, चांद्रगाडीत घालून, पलीकडच्या, पृथ्वी दिसणाऱ्या बाजूच्या तळावर. आणि फितीच का, तर अंतराळातल्या किरणांनी नाजूक चिपा भोकं पडल्यासारख्या खराब होत. जाड्याभरड्या चुंबकफितींना त्याचं काही वाटत नसे.

पण मौनतळाचा संगणक एका देशसमूहाने बांधलेला आणि पृथ्वीवरचा दुसऱ्याने. दोघांचं एकाही गोष्टीत पटत नव्हतं. एक अक्षरांच्या जोड्या डावीकडून लावायचा, दुसरा उजवीकडून. एक मजकुराचे लांबलचक ठोकळे करायचा, दुसऱ्याला इवलेसे लागायचे. अबोला धरलेल्या दोन जावांमध्ये निरोप पोचवणारी बाई असावी, तशी शाल्मली त्या दोघांमध्ये बसलेली होती. ती नसती तर दुर्बिणीने गोळा केलेलं सगळं विश्व म्हणजे नुसती तपकिरी रिबीन झाली असती. तळाची संचालक डॉ. कस्तुरी लोखंडे हे दर बैठकीत सगळ्यांदेखत सांगायची, आणि शाल्मलीला ते ऐकायला आवडायचं.

या आवडण्याची किंमत तिने मोजली होती. चंद्रावर वजन कमी, त्यामुळे हाडं हळूहळू पोकळ होत जातात. सहा वर्षांनंतर माणूस पृथ्वीवर उतरला, तर स्वतःच्याच वजनाखाली त्याचे खुबे मोडतात. डॉक्टर या सीमेला अस्थिमर्यादा म्हणत. गेल्या वर्षी ती सीमा गाठण्याआधीच्या शेवटच्या यानात शाल्मलीची जागा राखून ठेवली होती. सामान बांधून झालं होतं. आणि ऐन निघायच्या आठवड्यात रेवाचा निरोप आला, “आई, माझ्यासाठी घाई करू नकोस. काम अर्धवट टाकून आलीस तर तुला रुखरुख लागेल. मी मजेत आहे. मला तुझा अभिमान वाटतो.” शाल्मली फीतशाळेत बसून हुंदके देऊन रडली, आणि दुसऱ्या दिवशी तिने यानातली जागा सोडून दिली. आता ती पृथ्वीवर कधीच जाऊ शकणार नव्हती. मौनतळावर पाहुण्यांना परवानगी नव्हती. दर गाडीबरोबर येणारा रेवाचा निरोप, एवढीच तिची मुलगी उरली होती.

“काय गं, अजून अडलेलंच आहे?” कस्तुरी दारातून आत आली. सोलापूरच्या वसतिगृहात दोघी एका खोलीत राहिल्या होत्या, तेव्हापासून कस्तुरी दार वाजवत नसे. तिच्या हातात शेंगाचटणीची नळी होती. आपल्या वाट्याच्या चटणीतली अर्धी ती शाल्मलीला द्यायची.

“तुझ्या दुर्बिणीच्या फिती हे यंत्र वाचत नाही, ते मला कळतं,” शाल्मली म्हणाली. “रेवाच्या का वाचत नाही, ते कळत नाही.”

“दुर्बिणीच्या का वाचत नाही, ते तरी मला कळेल असं सांग.”

शाल्मलीने फितीचा एक तुकडा टेबलावर पसरला. “फितीवर शेजारी शेजारी नऊ पट्टे असतात. एक अक्षर लिहायचं म्हणजे नवांवर एकाच वेळी एकेक ठिपका पडतो. आडवी रांग. ती वाचणारं शीर्ष फितीच्या लांबीशी अगदी काटकोनात हवं. ते जरा कललं की वरचा ठिपका आधी वाचला जातो, खालचा मागून, आणि अक्षरांचा काला होतो.”

“मग आपलं जुनं यंत्र इतकी वर्षं चाललं कसं?”

“ते स्वतःच कललेलं आहे ना. तिरकं लिहितं आणि तिरकंच वाचतं, त्यामुळे त्याचं त्याला काही वाटत नाही.” शाल्मली हसली. “याला शीर्षकल म्हणायचं. प्रत्येक यंत्राचा वेगळा, अंगठ्याच्या ठशासारखा. पृथ्वीवरची यंत्रं सगळी एका मापाने सरळ केलेली. आपलं एकटं वाकडं.”

“पण पृथ्वीच्या फितीही आपण त्याच्यावरच वाचत होतो.”

“कारण मी त्याला कलपूरक बसवलाय, आपल्या फिती वाचायला पलीकडच्या तळावर आहे तसाच. फीत लावली की ती किती तिरकी आहे ते तो बघतो आणि आपलं आपण जुळवून घेतो. म्हणून कुठली फीत सरळ, कुठली वाकडी, हे मला कधी बघावंच लागलं नाही. हे नवं मात्र कडक सोवळ्यातलं आहे. सरळ फीत असेल तरच शिवणार.”

कस्तुरी म्हणाली, “रेवाच्या फिती त्यात घालतेसच कशाला? जुन्यावर ऐक की.”

“जुनं पुढच्या गाडीने मोडीत जाणार ना.”

“नाही जाणार. मी सहीच करत नाही. झालं समाधान?” तिने चटणीची नळी टेबलावर ठेवली, शाल्मलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती निघून गेली.

शाल्मलीला भरून आलं. आपल्यासाठी नियम वाकवणारं एक तरी माणूस या वैराण दगडावर आहे, असं तिला वाटलं. पण ती जातीची तंत्रज्ञ. यंत्र वाचवलं म्हणून प्रश्न सुटत नाही, हे तिच्या डोक्यातून जाईना. तिने अक्षरांच्या जोड्या उलटून पाहिल्या. ठोकळ्यांची लांबी तपासली. दोन्ही ठीक होतं. मग तिने जुन्या यंत्राचा कलपूरक तात्पुरता बंद केला आणि नऊ पट्ट्यांचे संकेत एकाखाली एक पडद्यावर घेतले.

आधी दुर्बिणीची एक फीत लावली. नऊ ठिपक्यांचा तिरका जिना दिसला आणि सहाव्या पायरीशी एक खाच. ती खाच तिच्या ओळखीची होती. फार पूर्वी तिच्याच हातून पान्हा निसटून शीर्षावर पडला होता, तेव्हापासूनची. हा मौनतळाचा ठसा. मग तिने पृथ्वीहून आलेली सुट्या भागांच्या माहितीची फीत लावली. ठिपके पट्टीने आखल्यासारखे सरळ आले.

मग तिने रेवाची ताजी फीत लावली.

जिना दिसला. सहाव्या पायरीशी खाच होती.

कस्तुरीनेच प्रत काढली असेल, हा तिच्या मनात आलेला पहिला विचार. पृथ्वीहून येणारा प्रत्येक डबा आधी संचालकांच्या खोलीत उघडला जायचा. कुठल्या वस्तूतून चुकूनही रेडिओलहरी निघत नाहीत ना, हे बघायची ती पद्धत होती. तिथं फीत खराब झाली असेल आणि कस्तुरीने निरोप दुसऱ्या फितीवर उतरवला असेल. ही समजूत घेऊन तिने रेवाच्या मागच्या सगळ्या फिती कपाटातून काढल्या आणि एकेक लावत गेली. पहिल्या जवळजवळ सहा वर्षांतल्या सगळ्या सरळ होत्या. मग ती फीत आली, “घाई करू नकोस” म्हणणारी. जिना आणि खाच. तिच्यानंतरची प्रत्येक फीत तशीच.

ज्या निरोपामुळे ती इथं कायमची राहिली, तो इथंच लिहिलेला होता. या खोलीत, या यंत्रावर.

कस्तुरी तिच्या खोलीत दुर्बिणीचे आलेख बघत बसली होती. शाल्मलीने दार लावून घेतलं आणि काय दिसलं ते एका दमात सांगितलं.

“प्रत काढली होती गं,” कस्तुरी शांतपणे म्हणाली. “मूळ फीत चुरगळली होती.”

“एवढ्या सगळ्या चुरगळल्या?”

कस्तुरीने आलेखावरची एक रेघ उगाच मोठी करून बघितली.

“मग त्या चुरगळलेल्या तरी दे. चुरगळलेली फीत मला सरळ करता येते, तुला माहीत आहे.”

कस्तुरीने आलेख बंद केला. “नाहीत माझ्याकडे,” ती म्हणाली. “तू ऐकलं असतंस तर मोडून पडली असतीस, शालू. ती फार कडू बोलली होती. सहा वर्षं मुलीची आठवण झाली नाही, आता कशाला येतेस, म्हणाली. माझ्या घरात तुला जागा नाही, म्हणाली. ऐन निघायच्या वेळेला मी तुला ते कसं ऐकवू? तिच्या आधीच्या फितींवरून संगणकाने तिची स्वरप्रतिकृती, हुबेहूब तिचाच आवाज, करून दिली. अर्थ मी बदलला नाही. तीही येऊ नकोस म्हणत होती, मीही तेच म्हटलं. फक्त शब्द मऊ केले.”

“आणि त्यानंतरचे निरोप?”

“त्यानंतर तिने पाठवलेच नाहीत. डबा उघडायचे आणि तुझ्या नावाची फीत नसायची. तू बाहेर उभी असायचीस.”

“माझ्यासाठी केलंस?” शाल्मलीचा आवाज चिरकला. “का दुर्बिणीसाठी?”

“दुर्बिणीसाठीही. खोटं नाही सांगत. तू गेली असतीस तर सगळं काम मातीमोल झालं असतं. पण तुझं तिथं कुणी वाट बघत नव्हतं, हेही तितकंच खरं आहे.”

शाल्मली तिथून बाहेर पडली. तिला कस्तुरीचा गळा धरावासा वाटत होता आणि त्याहून वाईट म्हणजे तिला कस्तुरीचं म्हणणं पटत होतं. नवरा गेला तेव्हा रेवा एकोणीस वर्षांची होती, आणि वर्षभरात शाल्मली तिला आपल्या बहिणीकडे सोडून चंद्रावर निघून आली होती. दोन वर्षांत येते म्हणाली होती. मुलीने दार लावून घेतलं असेल, तर त्यात नवल ते काय? केसाने गळा कापला गेला होता खरा, पण कापणारीने आधी त्यावर फुंकर घातली होती, असं काहीतरी ती स्वतःला समजावत फीतशाळेत आली.

त्या खोट्या फिती तिला डोळ्यांसमोर नको होत्या. तिने “घाई करू नकोस”ची फीत उचलली, नव्या यंत्रात घातली आणि पूर्ण कोरी करायचा हुकूम दिला. फीत कोरी करायच्या आधी नवं यंत्र ती शेवटपर्यंत पळवून तपासून घेतं. तपासणी झाली आणि पडद्यावर दोन ओळी आल्या. ‘सुरुवातीचा भाग वाचता येत नाही. शेवटचा भाग उत्तम. तरीही पुसायचा?’

शाल्मलीने झटकन हुकूम मागे घेतला.

शेवटचा भाग उत्तम, म्हणजे शेवटचा भाग सरळ होता. पृथ्वीवर लिहिलेला होता.

तिला सगळं एकदम उमगलं. मजकूर संपला की फितीवर दोन समाप्तिखुणा लिहायच्या असतात. त्या दिसल्या की यंत्र थांबतं, पुढं काय आहे ते कुणी बघत नाही. आणि मौनतळावर फीत म्हणजे सोनं. ती कोरी करण्यात वेळ आणि झीज घालवायची नाही, जुन्यावरच नवं लिहायचं, ही काटकसर शाल्मलीनेच तळाला लावली होती. नवा मजकूर जिथवर जाईल तिथवरच जुना पुसला जातो. रेवाच्या नावाचं, पृथ्वीच्या शिक्क्याचं रीळ शाल्मलीच्या हातात पडायला हवं, म्हणून कस्तुरीने रेवाच्याच फितीवर लिहिलं होतं. आणि तिचा निरोप रेवाच्या निरोपापेक्षा तोकडा होता.

म्हणजे ते कडू शब्द अजून तिथं होते. ऐकावेत की नाही, हे ठरवायला तिला थोडा वेळ लागला. मग तिने यंत्राला खुणांपाशी न थांबण्याची आज्ञा दिली, आणि फीत पुढे सरकवली.

“...पिवळा रंग तुला आवडणार नाही,” रेवा मध्येच बोलायला लागली, घाईघाईने, मागे कुठेतरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, “पण मला एवढाच स्वस्तात मिळाला. वरच्या खोलीपर्यंत तुला चढवणार नाही म्हणून खालचीच केलीय. अंघोळीच्या तिथं धरायला दांडा बसवून घेतलाय. डॉक्टर म्हणाले, सुरुवातीला महिना-दोन महिने तुला चालता येणार नाही, मग मी रजा टाकलीय. कस्तुरीमावशीलाही वेगळं कळवलंय, की आईला वेळेत सोड, ती तुझं ऐकून राहील तिथं. आई, मी रागावले होते, नाही असं नाही. पण आता ते जाऊ दे. फक्त एक कर. येतेस की नाही, ते तुझ्या तोंडाने सांग. ऑफिसातल्या माणसाकडून नको. तुझ्या आवाजात सांग. नाही म्हणालीस तर मी पुन्हा विचारणार नाही, तुला त्रास देणार नाही. बरं, ठेवते, भात लागतोय.”

फीत संपून रिळावर फटफट आपटत राहिली. शाल्मलीने ती बंद केली नाही.

मऊ केलेले शब्द. अर्थ तोच ठेवला म्हणे. आणि आपण त्यावर विश्वास ठेवून आपल्याच पोरीला दोष देत बसलो, आपल्याच पापाची शिक्षा समजून मान खाली घातली. सोलापूरच्या खोलीत एका ताटात जेवलेली बाई एवढं करू शकते, आणि करून झाल्यावर चटणी आणून देऊ शकते, याची शाल्मलीला शिसारी आली. तिने टेबलावरची नळी उचलून कचऱ्याच्या झडपेत टाकली.

मग तिला एक गोष्ट खटकली. रेवाने उत्तर मागितलं होतं. शाल्मलीने तर त्या खोट्या निरोपाला उत्तर दिलं होतं, “तू म्हणतेस तर राहते.” ते रेवापर्यंत गेलं असतं, तर रेवाने विचारलं असतं, मी कधी म्हणाले? एका क्षणात बिंग फुटलं असतं. म्हणजे ते गेलं नव्हतं. पण काहीच गेलं नसतं, तरी रेवा गप्प बसणारी पोर नव्हती. तिने चांद्रसंस्थेची दारं ठोठावली असती. मग तिला गप्प कशाने केलं?

कपाटातली पुढची फीत तिने हातात घेतली. तिच्यात खोटी रेवा म्हणत होती की तुझा निर्णय ऐकून बरं वाटलं. रेवाने त्यानंतर काही पाठवलंच नव्हतं, म्हणजे ही फीत तळावरच्या, पृथ्वीचा शिक्का घेऊनच येणाऱ्या साठ्यातली. कस्तुरीने तिच्यावर आधी काहीतरी लिहिलं असणार, ते दुसऱ्या फितीवर उतरवून पाठवलं असणार, आणि मग ही वाया कशाला घालवा म्हणून तिच्यावरच पुढचा निरोप लिहिला असणार. शाल्मलीने लावून दिलेली काटकसर ती इमानाने पाळत होती.

नव्या यंत्राने तपासून सांगितलं, ‘सुरुवातीचा भाग वाचता येत नाही. शेवटचा भाग वाचता येत नाही.’ दोन्ही वाकडे. दोन्ही इथलेच. शाल्मलीने फीत जुन्या यंत्रावर चढवली, कलपूरक चालू केला, आणि रीळ हाताने फिरवून दोन खुणा ओलांडल्या.

“...म्हणून स्पष्टच सांगते, माझी वाट बघू नकोस,” फितीतून एक बाई म्हणाली. “मला तिथं यायचं नाही. माझं काम इथं आहे, माझी माणसं इथं आहेत. त्या घराचं तुला काय करायचं ते कर. तू मोठी झालीस, आता सारखी आई आई करून मला अडचणीत टाकू नकोस. मी बोलतेय ते नीट ऐकतेस ना?”

“ऐकतेस ना” हे शाल्मलीचं होतं. रेवा लहान असल्यापासून ती प्रत्येक बोलणं तसंच संपवायची. त्या आवाजात तिचा घोगरेपणा होता, वाक्याच्या शेवटी श्वास घ्यायची तिची सवय होती. शाल्मलीने तो निरोप तीनदा ऐकला आणि तीनदाही तिला स्वतःचा आवाज आणि हा आवाज वेगळा करता आला नाही. रेवाला कुठून येणार?

पुढची गाडी निघेल तेव्हा तिच्यातून ती पलीकडच्या बाजूला जाऊ शकत होती. तिथून पृथ्वीला फोन लागत होता, आणि इतक्या वर्षांत काम सोडून ती तिथं एकदाही गेली नव्हती. पण समोर जाऊन उभं राहायला तिची हाडं आता तिला नेणार नव्हती. रेवाला पटवायला तिच्याजवळ तिच्या आवाजाखेरीज काहीच नव्हतं.